कारखान्याचं पिस्तूल घ्यायचं की बनवून घ्यायचं? (पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा)



गेल्या आठवड्यात आपल्या पामचे एक गृहस्थ घरी आले. पोरगी नववीत. शाळेत एनसीसी, तिथून नेमबाजीची गोडी लागली, आता दहा मीटर एअर पिस्तूल मारते. क्लबचं पिस्तूल चार पोरांत फिरतं, त्यामुळे स्वतःचं घ्यायची वेळ आलीय. सर म्हणतात बाहेरच्या देशातलं, कारखान्याचं, नावाजलेल्या कंपनीचं घ्या. ते जातं लाखाच्या पुढे. आणि पोरीचा मामा म्हणतो, "कशाला एवढे पैसे घालवता, एमआयडीसीत लेथ आहे, सीएनसी आहे, आपण तिच्या हाताच्या मापाचं बनवून घेऊ." गृहस्थ मला म्हणाले, "भाऊ, तुमची अख्खी नोकरी टूलरूममध्ये गेली. तुम्हीच सांगा."

मी तोंडी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. कारण हा प्रश्न त्या पोरीच्या आधी दीडशे वर्षं जगात विचारला जातोय आणि त्याची उत्तरं मोठी गमतीशीर आलीत. म्हणून लिहायला बसलो. मामालोकांनी शेवटपर्यंत वाचा, तुमच्यासाठी कायद्याचाही एक मुद्दा आहे.

सुरुवात आपल्या दारातूनच करू. तारापूरचा किल्ला. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. ती गोळी ज्या बंदुकीतून सुटली ती बंदूक कशी होती? कारागिरांनी हाताने एकेक करून घडवलेली. त्या काळी जगातली जवळजवळ प्रत्येक बंदूक तशीच होती. नळी एकाने ठोकून वळवली, चाप दुसऱ्याने कानशीने घासून बसवला, दस्ता तिसऱ्याने तासला. एका बंदुकीचा चाप दुसरीला बसत नसे. गोळीचा साचासुद्धा बहुधा बंदुकीबरोबरच मिळायचा, कारण नळ्यांची मापं सारखी नसत. म्हणजे आज ज्याला आपण "कस्टम" म्हणून जास्त पैसे मोजतो, ती तेव्हा नाइलाजाने असलेली रीत होती. कारखान्याची बंदूक हीच नवलाई होती.

ती नवलाई जगाने डोळ्यांनी बघितली 1851 मध्ये, लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात. अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने तिथे आपली रिव्हॉल्व्हर मांडली, आणि दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने एकमेकांत बदलता येतील अशा सुट्या भागांच्या रायफली. इंग्रज इतके प्रभावित झाले की पुढच्या काही वर्षांत त्यांनी एनफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकेतून मशिनं मागवली. एनफील्ड नाव कुठे ऐकलंय? बरोबर, 1857. ज्या काडतुसावरून आपल्याकडे वणवा पेटला ती त्याच नावाची रायफल.

इथे टूलरूमवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. कोल्टने आपले भाग एकमेकांत बदलता येतात असा गाजावाजा खूप केला, पण ते पूर्ण खरं नव्हतं. मशिनीवरून उतरलेले भाग शेवटी फिटर कानशीने घासूनच जुळवायचे. आपल्याकडे अजून हेच चालतं की नाही? ड्रॉइंगवर लिहिलेला टॉलरन्स वेगळा आणि असेंब्लीच्या टेबलावर माणसाच्या बोटांनी जुळवलेलं वेगळं. तेव्हा "कारखाना" आणि "हातकाम" हे दोन शत्रू नाहीत, हे तिथूनच डोक्यात ठेवा.

आता स्पर्धेकडे येऊ. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अथेन्सला पिस्तुलाच्या स्पर्धा होत्या. अमेरिकेचे जॉन आणि समनर पेन हे दोघे सख्खे भाऊ गेले आणि प्रत्येकी एक सुवर्ण घेऊन आले. दोघांकडे कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनची, म्हणजे कारखान्याची हत्यारं. पहिला गुण कारखान्याला.

पण पुढची पन्नास-साठ वर्षं वारं उलटं फिरलं. युरोपात पन्नास मीटरवरून मारायच्या "फ्री पिस्तूल" प्रकारात नियम फार कमी होते. नावच फ्री. त्यामुळे जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये छोट्या छोट्या कारागिरांनी एकेका नेमबाजाच्या पंजाचा ठसा घेऊन मुठी कोरल्या. हाताला मोजा घातल्यासारखी मूठ, आत बोट अन् बोट बसलेलं. चाप इतका हलका की नुसता श्वास लागला तरी सुटेल. स्वित्झर्लंडच्या लेंझबर्ग गावातली हेमर्ली ही कंपनी 1863 ला नळ्या बनवणारी म्हणून सुरू झाली आणि पुढे अशा पिस्तुलांसाठी जगभर नावाजली. ती धड कारखानाही नव्हती आणि धड कारागिराची पेढीही नव्हती. आपल्या चिंचणी-वाणगावकडच्या डायमेकरांसारखी म्हणा. दागिन्याचा एकच साचा, हाताने कोरलेला, पण त्यावरून माल निघणार हजारोंनी. आता सीएनसी आल्यापासून त्या डायमेकरांचं काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता एक किस्सा, जो मला फार आवडतो. 1956, मेलबर्न ऑलिंपिक. पंचवीस मीटर रॅपिड फायर. त्यात पाच निशाण्यांवर काही सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. गोळी सुटली की पिस्तूल वर उडतं, ते खाली आणून पुढच्या निशाण्यावर न्यायला वेळ जातो. सोव्हिएत डिझायनरांनी विचार केला, पिस्तूल वर का उडतं? कारण नळी मुठीच्या वर असते. मग नळीच खाली घेतली तर? आणि त्यांनी चक्क पिस्तूल उलटं केलं. एमटीएस-3 नावाचं ते हत्यार असं होतं की नळी पार खाली, हाताच्या रेषेत, धक्का सरळ मनगटात. बघायला एकदम विचित्र. येवगेनी चेर्कासोव्हने त्यावर रौप्य मिळवलं. सुवर्ण रोमानियाच्या पेत्रेस्कूला गेलं, तेही फक्त दोन गुणांनी.

त्यानंतर काय झालं असेल? नियमवाले उठले आणि त्यांनी तो प्रकार बंद केला. तेव्हापासून जागतिक नेमबाजीत "पेटी" हा शब्द आला. म्हणजे पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसलंच पाहिजे. आज एअर पिस्तूलसाठी ती पेटी 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरची आहे. वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम. चाप किमान 500 ग्रॅम वजन पेलायला हवा. पंचवीस मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाला पेटी आणखी छोटी, वजन 1400 ग्रॅम, चाप 1000 ग्रॅम. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीने त्याला टेकू द्यायचा नाही. 2005 मध्ये रॅपिड फायरचे नियम आणखी आवळले आणि कित्येकांची जपून ठेवलेली, खास बनवून घेतलेली पिस्तुलं एका रात्रीत शोकेसमध्ये गेली. बनवून घेतलेल्या हत्याराचं हे दुखणं लक्षात ठेवा. नियम बदलला की कारखाना नवं मॉडेल काढतो, तुम्ही मात्र तुमच्या एकुलत्या एका जॉबबरोबर बसून राहता.

पेटीचा हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माझा भाचा काही वर्षांपूर्वी एअर पिस्तूल मारायचा. त्याची कारखान्याची मूठ त्याला बोटांत ढिली वाटायची. मी म्हटलं, त्यात काय, मी देतो करून. अक्रोडाचा तुकडा आणला, रात्री जागून तासला, वरून पुट्टी लावून त्याच्या तळव्याचा ठसा घेतला. मूठ अशी बसली की पोरगा खूश, मी त्याहून खूश. स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, तर झाकण लागेना. अंगठ्याच्या बाजूला मी ठेवलेला उंचवटा दोन मिलिमीटर बाहेर. टूलरूममध्ये आयुष्यभर मायक्रॉन मोजणारा मी, आणि 50 मिलिमीटरची मर्यादा विचारायचं मला सुचलं नाही. तिथेच कोणाकडून तरी कानस मागून घासली. पेटीत बसली, पण ठसा गेला. पोराचा नेम त्या दिवशी काही लागला नाही. बिचारा मला एक शब्द बोलला नाही. घरी येताना विरारपासून डहाणू लोकलमध्ये आम्ही दोघं गप्प बसून होतो.

असो. मुद्द्यावर येतो.

हातकाम आणि कारखाना यांचं सगळ्यात सुंदर लग्न मला रशियात दिसतं. येफिम खैदुरोव्ह नावाचा माणूस. स्वतः नेमबाज आणि स्वतः अभियंता. त्याने नेमबाजाच्या डोक्याने एक फ्री पिस्तूल बनवलं आणि मग तुला शहरातल्या शस्त्र कारखान्याने ते मालिकेत काढायला घेतलं. त्याचं नाव टीओझेड-35. म्हणजे ज्याला नेमका कुठे त्रास होतो ते माहीत आहे त्याने ते घडवलं, आणि ज्याला एकसारखे हजार भाग कसे काढायचे ते माहीत आहे त्याने ते वाढवलं. याच कारखान्याच्या पिस्तुलावर अलेक्झांडर मेलेंतिएव्हने 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 600 पैकी 581 गुण मारले. हा विक्रम मोडायला किती वर्षं लागली? चौतीस. 2014 मध्ये स्पेनच्या ग्रानादा शहरात दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओने 583 केले. आणि गंमत म्हणजे नंतर ही स्पर्धाच ऑलिंपिकमधून गेली. 2016 च्या रिओनंतर पन्नास मीटर पिस्तूल नाही.

स्वित्झर्लंडमधल्या मोरिनीची गोष्ट तर आणखी उलटी. चेझारे मोरिनी हा मुळात मुठी बनवणारा माणूस. लोक कारखान्याचं पिस्तूल घ्यायचे आणि मूठ याच्याकडून करून घ्यायचे. पुढे त्याच्या नावाने पिस्तुलंच बनायला लागली आणि आज जगातल्या कोणत्याही मोठ्या रेंजवर गेलात तर ते नाव दिसतं. हे सांगायचं कारण असं की पिस्तुलाच्या धंद्यात मूठ ही दुय्यम गोष्ट नाही. मूठ करणारा कंपनीचा मालक होतो!

अमेरिकेत मात्र "बनवून घेणं" हाच मोठा धर्म झाला. तिथे सैन्याचं 1911 मॉडेलचं पिस्तूल. युद्धासाठी बनलेलं, म्हणून मुद्दाम ढिलं ठेवलेलं, चिखलातही चाललं पाहिजे म्हणून. त्याने कागदाच्या निशाण्यावर बारीक नेम धरायचा तर सगळं उघडून पुन्हा घट्ट बसवावं लागायचं. लुइझियानाचा जिम क्लार्क हे काम करायचा आणि 1958 मध्ये तो स्वतःच अमेरिकेचा राष्ट्रीय पिस्तूल विजेता झाला. सैन्यातल्या नेमबाजांचं राज्य असलेल्या स्पर्धेत एक साधा नागरिक, जो पोटापाण्यासाठी बंदुका जुळवतो. त्यानंतर 1976 मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी पळत-पळत मारायच्या स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि मग तर ऊतच आला. पिस्तुलाला नळीच्या पुढे धक्का कमी करणारा तुकडा, वर दुर्बिणीसारखं काचेचं निशाण, मोठी मॅगझिन. रेसच्या गाड्यांसारखं. एकेक हत्यार महिनोन्महिने वाट बघून मिळायचं. शेवटी खर्च इतका वाढला की साधा माणूस बाहेर पडायला लागला आणि 2000 च्या आसपास त्यांनाच एक वेगळा वर्ग काढावा लागला. कारखान्यातून जसं आलं तसंच पिस्तूल, जास्त छेडछाड नाही. आज त्या वर्गात तुफान गर्दी असते.

आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही, रुजणं अवघडही आहे. 9 मिलिमीटरसारखा बोअर आपल्या कायद्यात प्रतिबंधित. 1878 च्या शस्त्र कायद्यापासून इथे हत्यार हा विषयच परवान्याचा झाला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, 2016 ची नियमावली आली, पण पाया तोच.

आपल्या देशातल्या नेमबाजीच्या संघटनेची सुरुवात मात्र एका मराठी माणसाने केली हे किती जणांना माहीत आहे? लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा ते पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी पात्रता स्पर्धा असते तिला अजून "मावळंकर" म्हणतात. पोरं म्हणतात, "मावळंकर खेळून आलो." त्यातल्या निम्म्यांना ते कोण हे ठाऊक नसतं.

महाराष्ट्राची पिस्तूल परंपरा म्हटलं की अशोक पंडित. 1994 ला कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी जसपाल राणाबरोबर सेंटर फायर पिस्तूलच्या जोडीत सुवर्ण घेतलं. त्यांचा मुलगा रौनक, 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुलमध्ये समरेश जंगबरोबर स्टँडर्ड पिस्तूलच्या जोडीत सुवर्ण. आणि सून हिना सिद्धू. हिना मूळची पतियाळाची, शिक्षणाने दातांची डॉक्टर. तिचे काका बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. म्हणजे हत्यार उघडलेलं, त्याचे स्प्रिंग टेबलावर मांडलेले, हे दृश्य तिने लहानपणापासून पाहिलेलं. 2013 मध्ये म्युनिकला विश्वचषक फायनलमध्ये एअर पिस्तूलचं सुवर्ण, आणि पुढच्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिली. पण बघा, कारागिराची पुतणी असूनही स्पर्धेत हातात कारखान्याचंच पिस्तूल. मला यात विरोधाभास दिसत नाही. ज्याने घरी बंदुका उघडलेल्या बघितल्यात त्यालाच कळतं की काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही.

आणि आपली कोल्हापूरची राही सरनोबत. 2013 ला कोरियातल्या चांगवॉनमध्ये पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण. पिस्तुलात असं करणारी पहिली भारतीय महिला. 2018 ला जकार्ता-पालेंबांग एशियाडमध्ये थायलंडच्या मुलीबरोबर बरोबरी, मग शूटऑफ, तिथेही बरोबरी, पुन्हा शूटऑफ, आणि सुवर्ण. या स्पर्धेत अर्ध्या गोळ्या शांतपणे मारायच्या असतात आणि उरलेल्या अर्ध्यांत हात खाली ठेवून वाट बघायची, निशाण दिसलं की तीन सेकंदांत वर उचलून मारायची. तीन सेकंदांत मुठीत बोटं "बसवायला" वेळ नाही. ती बसलेलीच पाहिजेत, दर वेळी तिथेच. मूठ म्हणजे काय ते इथे कळतं.

आता ज्या घटनेमुळे भल्याभल्यांचा कारखान्यावरचा विश्वास डळमळला ती. 25 जुलै 2021, टोकियो. मनू भाकर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत. साठ गोळ्यांतल्या सोळा झाल्या आणि पिस्तुलाने दगा दिला. इलेक्ट्रॉनिक चापाचा भाग निकामी. जगातल्या उत्तम कारखान्यातलं हत्यार. ती रेंजवरून बाहेर गेली, दुरुस्ती झाली, परत आली तोवर चव्वेचाळीस गोळ्या बाकी आणि हातात चाळीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ. 575 गुण. बारावी. फायनल दोन गुणांनी हुकली. लोकांनी विचारलं, दुसरं पिस्तूल का नाही वापरलं? अहो, दुसऱ्याचा नेम, त्याची मूठ, चापाचं वजन, सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन पिस्तुलं घेतली तरी ती जुळी असतात, एक नसतात. त्यावेळी तिचे प्रशिक्षक कोण? रौनक पंडित. त्या दिवसाबद्दल मनूवर सोशल मीडियावर लोक काय काय बोलले ते आठवलं की लाज वाटते. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तीच मुलगी दोन कांस्यपदकं घेऊन आली आणि तेच लोक पेढे वाटत होते.

टोकियोवरून मामा म्हणेल, "बघा, महागाचं घेऊनही काय झालं?" उत्तर असं आहे की कारखान्याचं होतं म्हणूनच ते मिनिटांत उघडता आलं, भाग बदलता आला, पुन्हा चालू झालं. एकुलत्या एका हातघडीच्या पिस्तुलाचा चाप तुटला असता तर दुसरा चाप कुठून आणणार होता? तो घडवणारा माणूस टोकियोत नसतो. तो बोईसरला सेकंड शिफ्टला असतो.

आणि कायदा. मामा, नीट ऐका. दहा मीटरच्या साध्या एअर पिस्तूलला खेळाडू म्हणून विकत घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही हे खरं. पण त्यावरून "मग बनवायलाही लागत नसेल" असं समजू नका. हत्यार बनवणं हा परवान्याचा धंदा आहे. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तूलची तर गोष्टच सोडा, तिथे विकत घ्यायलाही परवाना आणि बनवलं तर थेट गुन्हा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कुशल हात भरपूर आहेत. म्हणूनच सांगतो, नळी, चाप, हवेची टाकी, झडप यांना घरच्या लेथवर हात लावायचा नाही. 200 बारच्या आसपास दाबाची हवा त्या टाकीत असते, पोरीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. यात "बघू करून" चालत नाही.

मग आपल्याकडच्या कारागिरीने काय करायचं, नुसतं बघत बसायचं? नाही. ठाणे जिल्ह्यातली प्रिसिहोल बघा. मूळ धंदा खोल आणि सरळ भोक पाडणारी मशिनं बनवण्याचा. ज्याला लांब, सरळ, गुळगुळीत भोक पाडता येतं त्याला नळी बनवता येते. आज त्यांच्या एअरगन देशभर विकल्या जातात, तेही रीतसर परवान्यावर. खैदुरोव्ह आणि तुलाच्या कारखान्याची गोष्ट सांगितली ती यासाठीच. आपल्या पट्ट्यातून उद्या असं काही निघालं तर मी पहिला टाळ्या वाजवीन, पण ते दाराआड नको.

आता गृहस्थांच्या प्रश्नाचं माझं उत्तर, जसं त्यांना दिलं तसंच, थोडं वाढवून.

पिस्तूल कारखान्याचंच घ्या. पण लगेच सगळ्यात महागाचं नको. पोरगी चौदाची आहे, हात अजून वाढतोय, खांदाही. सुरुवातीला देशी किंवा चांगलं वापरलेलं परदेशी चालेल. वापरलेलं घेताना एक गोष्ट माणसं हमखास विसरतात. हवेच्या टाकीवर तारीख कोरलेली असते. ती दहा वर्षांच्या आत हवी. मुदत संपलेली टाकी मोठ्या स्पर्धेत चालत नाही आणि नवीन टाकी बाहेरून मागवावी लागते. म्हणजे स्वस्तात घेतलेलं महागात. विकणारा कितीही ओळखीचा असो, आधी टाकी फिरवून तारीख वाचा. बरोबर कारखान्याचा चाचणी कागद असेल तर मागून घ्या. नळी कशी मारते ते त्या कागदावर दिसतं.

इलेक्ट्रॉनिक चाप घ्यायचा की साधा यांत्रिक, यावर सरांचं आणि माझं जमणार नाही. मी जुन्या वळणाचा. पहिलं पिस्तूल यांत्रिक चापाचं असावं, पोरीला तो स्वतः साफ करता यावा, स्क्रू कुठला काय करतो ते कळावं असं मला वाटतं. सर म्हणतील काळ बदललाय. त्यांचंही बरोबर असेल, रोज पोरांना तेच उभे करतात.

आणि मूठ. तिथे मात्र बनवून घ्या. किंवा खरं तर बनवूनही घेऊ नका, कारखान्याची योग्य मापाची मूठ घ्या आणि ती तिच्या हाताला जुळवत जा. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मुठी येतात. मोठी घेऊन तासणं सोपं वाटतं पण तसं करू नका, लहानीत पुट्टी भरणं सोपं. देशभरातली पोरं हेच करतात. लाकडाची पुट्टी, कुणी तर एम-सील, थोडी भरायची, ओली असताना पकडायचं, वाळली की सँडपेपर. दर सहा महिन्यांनी हात वाढला की पुन्हा. ही कारागिरी पोरीने स्वतः शिकावी. दहा मीटरवर निशाणाचा मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. तिथपर्यंत जाणारा छर्रा आधी तळहातातल्या त्या पुट्टीवरून जातो.

गृहस्थ म्हणाले, "मग मामाला काय सांगू?" मी म्हटलं, मामाला पेटी बनवायला सांगा. 420 बाय 200 बाय 50, आतली मापं. ॲक्रिलिकची, झाकणासकट. पुट्टीचा थर चढवला की पिस्तूल आधी त्या पेटीत ठेवून बघायचं. दोन दिवसांत मामाने बनवून पाठवली. मी व्हर्नियर लावून तपासली, 50 च्या जागी 49.8 आहे. मुद्दाम कमी ठेवलीय म्हणाला.